भावाच्या आजाराची फाईल

वाचकाचे पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पश्चिम महाराष्ट्रातील एका विवाहित भगिनीचे हे पत्र आहे. त्यांच्या एकोणतीस वर्षांच्या धाकट्या भावाला सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. चुलत्यांनी विहिरीत विष कालवले आहे, असा संशय त्याच्या मनात घर करून बसला होता. गोळ्या बंद होऊन चार महिने झाले असताना एका पहाटे, चुलते गोठ्यात धारा काढत बसलेले असताना, त्याने त्यांच्यावर कोयत्याने वार केले. ते जागीच गेले. त्याने कोयता कडब्याच्या गंजीत खुपसला आणि स्वतःच पोलीस पाटलांच्या ओट्यावर जाऊन बसला. "आता पाणी प्यायला हरकत नाही," एवढेच तो म्हणाला. दोन महिन्यांपासून तो न्यायालयीन कोठडीत आहे. त्याच्या उपचारांचे सगळे कागद या भगिनीच्या घरी आहेत. वडील म्हणतात, फाईल जाळून टाक, घराला वेडाचा डाग लागला तर पुढच्या पोरींची लग्ने कशी जमायची. काकूंचा निरोप असा आहे, की फाईल कोर्टात गेली तर तो सुटेल आणि माझ्या माणसाचा जीव फुकट गेला असे होईल. आई विचारते, आजारी माणसाला फाशी देत नाहीत हे खरे का. "फाईल दिली तर काकूंचा घात, न दिली तर भावाचा. मी काय करू?" असे या भगिनी विचारतात.

ताई,

फाईल जाळू नका. न्यायालयापुढे येऊ शकणारा कागद तेथे पोहोचू नये या हेतूने दडवणे किंवा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, आणि तो तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या अंगावर येईल. कारण फक्त कायद्याचे नाही. त्या फाईलमधला एक कागद आज, खटल्याचा विचार करण्याच्याही आधी, तुमच्या भावाला हवा आहे, आणि तो म्हणजे शेवटची औषधचिठ्ठी. चार महिने औषध बंद, त्यानंतर दोन महिने कोठडी, आणि तेथे त्याला गोळ्या मिळतात की नाही याबद्दल तुमच्या पत्रात एकही ओळ नाही. त्या चिठ्ठीची प्रत आणि सोबत एक साधा अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याला तपासावे अशी स्पष्ट विनंती करा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम १०३ मध्ये कैद्यांच्या उपचारांची तरतूद आहे. तेथे सोय नसेल तर त्याला मनोरुग्णालयात हलवण्याची मागणी वकिलामार्फत करता येते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही, काकू आणि वडील, तिघांचीही भूमिका वेगळी असली तरी एका गोष्टीवर तुमचे एकमत दिसते: आजार सिद्ध झाला की माणूस सुटतो. मी बरीच वर्षे सत्र न्यायालयात आरोपींची बाजू मांडली आहे आणि ही समजूत मला जवळजवळ प्रत्येक कुटुंबात भेटली. ती बरोबर नाही.

भारतीय न्याय संहितेचे कलम २२ म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम ८४. ते असे सांगते, की कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे जो माणूस आपण काय करतो आहोत हे समजण्यास, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास असमर्थ होता, त्याचे ते कृत्य अपराध ठरत नाही. या कलमाची जडणघडण १८४३ साली इंग्लंडमध्ये पंतप्रधानांच्या खासगी सचिवाच्या खुनानंतर तेथील न्यायाधीशांनी घालून दिलेल्या नियमांशी जुळणारी आहे, आणि २०२४ मध्ये नवी संहिता लागू झाली तेव्हाही तिचा गाभा बदलला नाही. म्हणून आपल्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा एक भेद सांगितला आहे: डॉक्टरांच्या दृष्टीने आजारी असणे वेगळे आणि कायद्याच्या दृष्टीने मनोविकल असणे वेगळे. सहा वर्षांचा स्किझोफ्रेनिया, डझनभर औषधचिठ्ठ्या, दोनदा रुग्णालयात दाखल झाल्याचे कागद, एवढ्याने कलम २२ पूर्ण होत नाही. त्या पहाटे, गोठ्यात, कोयता उचलताना त्याच्या मनाची अवस्था काय होती, एवढाच प्रश्न असतो. आणि ती अवस्था दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते.

ही जबाबदारी सरकार पक्षावर असते तितकी कठोर मात्र नाही. शक्यतेचा काटा आपल्या बाजूला झुकला तरी पुरते. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच असेही सांगितले आहे, की मनोविकलता पूर्ण सिद्ध झाली नाही तरी तिच्या पुराव्यामुळे खुनाच्या हेतूबद्दलच वाजवी शंका निर्माण झाली, तर त्या शंकेचा फायदा आरोपीला मिळतो.

तुमच्या पत्रातील दोन तपशील मी अनेकदा वाचले. पोलीस पाटलांच्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "आता पाणी प्यायला हरकत नाही." पळून न जाणे, आपण गावाचे रक्षण केले अशा भावनेने शांत बसून राहणे, हे बचावाच्या बाजूने फार बोलते. पण त्याआधी त्याने कोयता कडब्यात खुपसला. सरकारी वकील विचारतील, की आपले काही चुकले आहे हे ज्याला कळतच नव्हते, त्याने हत्यार कशाला लपवले? या प्रश्नाला उत्तर असू शकते. गंजीत कोयता खोचून ठेवण्याची त्याची रोजचीच सवय होती का? असेल, तर ते घरातल्या माणसालाच सांगता येईल. नसेल, तर तो तपशील तसाच न्यायालयापुढे जाईल. मी आज तुम्हाला निकाल सांगू शकत नाही, आणि जो वकील पहिल्याच भेटीत "नक्की सोडवतो" म्हणेल, त्याच्याकडे वकीलपत्र देण्याआधी थांबा.

महाराष्ट्रातलाच एक खटला सांगते. १९९४ साली एका पोलीस शिपायाने कपडे धूत असलेल्या आपल्या पत्नीच्या डोक्यात वाटणाचा दगड घातला. सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने ते कायम केले आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ खाली निर्दोष ठरवले. हे कशाच्या बळावर घडले? त्याच्यावर आधीपासून मनोविकाराचे उपचार चालू होते, वडिलांनाही मानसिक आजार होता, खुनाचे म्हणून दाखवलेले कारण अगदी क्षुल्लक होते, त्याने पळण्याचा वा लपण्याचा प्रयत्न केला नव्हता, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा उपचारांसाठी रुग्णालयात न्यावे लागले होते. म्हणजे घटनेच्या आधीचे कागद आणि घटनेच्या नंतरचे कागद, या दोहोंच्या मध्ये त्या एका दिवसाचे चित्र उभे राहिले. आधीचे कागद तुमच्या घरी आहेत. नंतरचे कागद कारागृहात आजपासून तयार व्हायला हवेत. चिठ्ठी आणि अर्ज आधी द्या असे मी म्हणाले, त्याचे हे दुसरे कारण.

समजा, कलम २२ मान्य झाले. तरी तो दुसऱ्या दिवशी गावच्या एसटीत बसून घरी येईल असे होत नाही. अशा निकालात न्यायालयाला हे नमूद करावेच लागते, की ते कृत्य त्याने केले होते की नाही. तुमच्या काकूंना ही गोष्ट कोणी सांगितली आहे का? "त्यानेच मारले" हे न्यायालय लिहून ठेवते. त्यानंतर त्याला सुरक्षित ताब्यात, बहुधा मनोरुग्णालयात, ठेवण्याचा आदेश होतो. किंवा तो स्वतःला वा दुसऱ्याला इजा करणार नाही अशी नातेवाइकांनी हमी दिली आणि न्यायालयाची खात्री पटली, तर त्याला त्यांच्या स्वाधीन केले जाते. ही हमी कोण देणार, त्याला कोठे ठेवणार, गोळ्यांवर कोण लक्ष ठेवणार, याचा विचार तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी आतापासून केलेला बरा. एकाच अंगणात काकूंच्या डोळ्यांसमोर त्याला परत आणून ठेवणे मला अन्यायाचे वाटते, कायद्याने मुभा दिली तरीही.

आणि कलम २२ अमान्य झाले तर? येथे तुमच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते अर्धेच दिलासा देणारे आहे. खुनाला आपल्याकडे दोनच शिक्षा आहेत, फाशी किंवा जन्मठेप. फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ठरवले आणि त्याच निकालात आरोपीची बिघडलेली मानसिक स्थिती ही शिक्षा सौम्य करणारी बाब मानली. २०१४ मध्ये, शिक्षा झाल्यानंतर जडलेला मानसिक आजार हेही फाशी रद्द करून जन्मठेप देण्याचे कारण मानले गेले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून करणाऱ्या एका कैद्याची फाशी त्याच्या गंभीर मानसिक आजारामुळे रद्द झाली, पण त्याला उरलेले सगळे आयुष्य, कोणतीही सूट न मिळता, तुरुंगात काढायचे आहे. २०२२ मध्ये न्यायालयाने असेही सांगितले, की फाशी होऊ शकेल अशा खटल्यात आरोपीचे मानसिक मूल्यमापन राज्याने सुरुवातीलाच न्यायालयापुढे ठेवावे. तुमच्या भावाच्या प्रकरणात, जे तुम्ही लिहिले आहे त्यावरून, फाशीची शक्यता मला फार दूरची वाटते. आईंना तेवढे निर्धास्त करा.

पण जन्मठेपेच्या खाली न्यायाधीश येऊ शकत नाहीत. आजार खरा आहे, त्या आजारानेच हात उचलायला लावला हेही त्यांना पटले आहे, फक्त कलम २२ च्या उंबऱ्यापर्यंत तो पोहोचत नाही, अशा माणसालाही खुनासाठी किमान जन्मठेपच होते. चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याखेरीज सरकार त्याला सूट देऊन सोडू शकत नाही. इंग्लंडने १९५७ मध्ये कायदा करून मधली पायरी आणली. मानसिक विकृतीमुळे ज्याची जबाबदारी बरीच कमी झाली होती, त्याचा गुन्हा तेथे खून न ठरता त्याहून खालच्या दर्जाचा मनुष्यवध ठरतो आणि न्यायाधीश परिस्थिती पाहून शिक्षा ठरवतात. आपल्याकडे ती पायरी नाही. एकतर सगळी सुटका, नाहीतर सगळी जन्मठेप. नवी संहिता लिहिताना ही उणीव भरून काढण्याची संधी होती आणि ती घेतली गेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तुमच्या भावासारख्यांसाठी बचावाला एक अरुंद वाट उरते. आजारामुळे ठार मारण्याचा हेतूच तयार झाला नव्हता, असे दाखवून खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचे कलम लागावे, यासाठी प्रयत्न करता येतो. कोयत्याचे अनेक वार असताना ते कठीण आहे.

एवढे सगळे पाहिल्यावर "फाईल दिली तर काकूंचा घात" हे वाक्य पुन्हा वाचून पाहा. काकूंना काय हवे आहे? माझ्या अंदाजाने, आपल्या माणसाच्या मरणाची कोणीतरी खरी नोंद घ्यावी, हे त्यांना हवे आहे. चुलत्यांनी कधीही विहिरीत विष टाकले नव्हते, ते पहाटे उठून धारा काढणारे निरपराध गृहस्थ होते आणि पुतण्याच्या आजारी मनातल्या एका संशयाने त्यांचा जीव घेतला, ही खरी नोंद आहे. फाईल नसेल तर सरकार पक्षाला खुनाचे काहीतरी कारण शोधावे लागेल, आणि भावकीत कारणे शोधायला वेळ लागत नाही: बांध, वाटणी, पाण्याची पाळी. मग उलटतपासणीत गेलेल्या माणसाच्या वागण्याचीच चिरफाड होते. हे मी कोर्टात पाहिले आहे, आणि ते पाहणाऱ्या विधवेचा चेहराही पाहिला आहे.

काकूंना त्यांचे हक्कही ठाऊक असू द्या. सरकारी वकिलांच्या मदतीला त्यांना स्वतःचा वकील देता येतो. भाऊ निर्दोष ठरला तर त्या निकालाविरुद्ध त्या स्वतः अपील करू शकतात. आणि ज्यांच्या घरातला कर्ता गेला त्यांना नुकसानभरपाई मिळण्याची शिफारस न्यायालय निर्दोष मुक्ततेनंतरही करू शकते, अशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवावेत हे सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या, कलम ३९६ मध्ये तरतूद आहे. तिची रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवते. म्हणजे काकूंच्या पोटापाण्याचा प्रश्न तुमच्या भावाच्या शिक्षेला बांधलेला नाही.

काकूंची परवानगी मागायला जाऊ नका, तो भार त्यांच्यावर टाकणे बरे नाही. मात्र फाईल वकिलाकडे जाण्याआधी त्यांना ते तुमच्याकडून कळावे. त्यांच्या माहेरच्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घ्या, थोडक्यात सांगा आणि त्या जे बोलतील ते ऐकून परत या. दार उघडले नाही, तर चार ओळी स्वतःच्या हाताने लिहून पाठवा. भावाला माफ करा, असे त्यात लिहू नका. काका गेले ते भरून येणार नाही आणि मी कोर्टात खोटे काही बोलणार नाही, एवढे पुरे आहे.

वडिलांचे भय मला क्षुद्र वाटत नाही. गावात "वेड्याचे घर" हा शिक्का बसला की तो कसा टिकतो, हे त्यांनी पाहिलेले असणार. पण ताई, खून तर गावाला माहीतच आहे. फाईल जाळून घराण्याला डाग लागणार नाही असे नाही. आजाराऐवजी वैराचा डाग लागेल आणि तो पोरींच्या लग्नात अधिक आड येईल. वडिलांना आणखी एक सांगता येईल. २०१९ च्या ज्या निकालाबद्दल मी वर लिहिले, त्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कैद्याचे नाव छापलेले नाही, कारण मानसिक आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क २०१७ चा कायदा देतो. तुमच्या वकिलाला तशीच विनंती न्यायालयाला करता येईल.

आता फाईलविषयी. ती जशी आहे तशी राहू द्या. सगळे कागद तारखेप्रमाणे लावा, प्रत्येकाची छायाप्रत काढा, आणि औषधाच्या दुकानातल्या त्या चकचकीत कागदावरच्या पावत्यांचे लगेच फोटो घ्या, कारण त्यांवरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. शेवटची पावती कोणत्या तारखेची आहे, तेथे औषध थांबले हे दिसेल. देवऋषाकडे नेले असेल, अंगारे धुपारे केले असतील, तर तेही लपवू नका. कोणत्या महिन्यात, कोणी नेले, ते लिहून ठेवा. त्याने विहिरीचे पाणी पिणे केव्हा सोडले, हंडा कोठून भरून आणू लागला, कोणाकोणाला "पिऊ नका" म्हणाला, हे ज्यांनी ऐकले त्यांची नावे लिहा. मागच्या तारखेचे प्रमाणपत्र मिळवून देतो असे कोणी म्हटले तर त्याला दाराबाहेरूनच परत पाठवा, कारण एक खोटा कागद सापडला की उरलेल्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो. वकिलाकडे मूळ कागद देताना यादी करून सही घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वेळ थोडा आहे. अशा गुन्ह्यात तपास अपुरा असल्यास नव्वद दिवसांनंतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, त्यामुळे पोलीस सहसा त्याच्या आत दोषारोपपत्र दाखल करतात. तुमचे साठ दिवस गेले. आजाराचा पूर्वइतिहास तपासात कळला असेल तर आरोपीची वैद्यकीय तपासणी करून घेणे हे प्रामाणिक तपासी अंमलदाराचे कर्तव्य आहे, आणि ते न केल्यास सरकार पक्षाच्या खटल्यात गंभीर उणीव राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. म्हणून उपचारांची माहिती वकिलाच्या सल्ल्याने तपासी अंमलदारांना लेखी कळवा. शिवाय आज आपला बचाव समजून घेण्याच्या स्थितीत भाऊ नसेल, तर तो सावरेपर्यंत खटला पुढे ढकलता येतो. हा प्रश्न कलम २२ पेक्षा वेगळा आहे आणि तो वकिलाने पहिल्याच तारखेला उपस्थित करायला हवा.

पत्रात एका कोपऱ्यात तुम्ही लिहिले आहे, "गोळ्या बंद झाल्याचे मला दिवाळीपासून ठाऊक होते." या आजारात आपण आजारी आहोत हेच रुग्णाला पटत नाही, आणि म्हणून बरे वाटू लागताच गोळ्या सुटतात; हे हजारो घरांत घडते आणि त्यातल्या बहुतेक घरांत कोणाचाही जीव जात नाही. हे होईल असे तुम्हाला दिसायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. ज्या वाचकांच्या घरी आज अशाच गोळ्या बंद आहेत, त्यांनी मात्र थांबू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, आणि रुग्ण तयार नसला तरी काही ठरावीक परिस्थितीत नातेवाइकांच्या अर्जावरून त्याला दाखल करून घेण्याची कायदेशीर रीत आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मुलाखतीला गेलात की तो जाळीपलीकडून दर वेळी विचारतो, "विहिरीचे पाणी तपासले का?" आणि काय सांगावे ते तुम्हाला कळत नाही. "तपासले, विष निघाले" असे त्याचे मन राखण्यासाठी म्हणू नका, आणि "काकांनी काही टाकले नव्हते" म्हणून वादही घालू नका. त्या दिवसाबद्दल तर तेथे काहीच बोलू नका. "आम्ही सगळे तेच पाणी पितो, सगळे ठीक आहोत, तुला याची काळजी वाटते हे इथल्या डॉक्टरांना सांग," एवढे म्हणा. बाहेर आल्यावर त्याचा प्रश्न, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहा. तो अजून पाण्याबद्दल विचारतो आहे, याचा अर्थ औषध अजून लागू पडलेले नाही किंवा त्याला ते मिळतच नाही, आणि हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना पुढच्या भेटीच्या आत कळायला हवे.